लाकडी चौकटीची पाटी

पिपलानी, भोपाळ
६ जानेवारी २०२५

प्रिय शालू हीस,
लीलावहिनीचा स. स. वि. वि.

नाही गं, नळी घातल्यावर माणूस ओरडत नाही. ओरडताच येत नाही. आवाज जिथून निघतो तिथेच ती बसलेली असते. दुखतं का, ते मी कसं सांगू? माझ्या घशात कुणी घातली नाही. घातली असती तर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या बायकांनी उपकारस्तुतीची सभा ठेवली असती, लीलाबाई एकदाची गप्प झाली म्हणून.

पण काय बाई तुझी रीत! एकोणतीस वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलंस. मायना, क्षेमकुशल, समाप्ती, पाच मार्क. आणि स्वतः लिहायला बसलीस तर पहिल्याच ओळीत विचारतेस की दादाला नळी घातली तेव्हा तो ओरडला का. मी चहाचा कप खाली ठेवला. केतकीने विचारलं काय झालं, तर सांगितलं की आत्याआजी मायना विसरली.

फोनवर का बोलत नाहीस ते कळलं. एकच खोली, आणि मधुकररावांचे कान ड्रायव्हरचे. तीस वर्षं एस. टी. चालवली, मागच्या सीटवर कुणी काडी ओढली तरी यांना पुढे ऐकू यायची. तू बाहेर अंगणात जाऊन बोललीस तरी ऐकतील. तेव्हा लिहीतच जा. मलाही कागदच बरा. फोनवर मला थट्टा सुचते, आणि थट्टा सुचली की कामाचं राहून जातं.

इकडे थंडी जबरदस्त आहे. प्रतीकची सकाळपाळी असली की त्याची स्कूटर सुरू होईपर्यंत क्वार्टरांची सगळी लाइन जागी होते. सून बिचारी अंधारात डबा करते. केतकीचा क्लास एम. पी. नगरला, नर्सिंगच्या परीक्षेचा. आजोबांना हॉस्पिटलात बघितल्यापासून तिने हेच घेतलंय डोक्यात. घरात माझ्याशी हिंदीत भांडते आणि प्रार्थना मराठीत करते. म्हटलं, उलटं कर बाई, प्रभूला दोन्ही येतात, मला भांडायला मराठीच लागते.

आता तुझ्या प्रश्नाचं. नगरच्या डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, की मधुकररावांचा कॅन्सर दोन्ही फुफ्फुसांत पसरलाय, एक दिवस श्वास पुरणार नाही, तेव्हा मशीन लावायचं की नाही ते घरच्यांनी आत्ताच ठरवून ठेवावं. शालू, मला असं आधी कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या दादाची फुफ्फुसं आकसत गेली, एका दुपारी ओठ निळे पडले, आम्ही गाडीत घातलं, आणि संध्याकाळी बघते तर मशीन लागलेलं. पहिले आठ दिवस तोंडातून नळी, झोपेच्या औषधात. मग गळ्याला भोक पाडून तिथून. तेव्हा जाग आली. बोलता येईना म्हणून मी संडे स्कूलची पाटी घेऊन गेले. तुला माहीत आहे ती, लाकडी चौकटीची, एक कोपरा उडालेली. आत एकालाच सोडायचे, सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. मीच जायची. त्याने पाटीवर जे लिहिलं ते तू कबरेच्या दगडावर वाचलंसच. पुढे हातातली शक्ती गेली, शेवटचे आठ दिवस त्याने काही लिहिलं नाही. बावीस दिवस झाले आणि गेला.

बस. यापुढे विचारू नकोस. माझी भाजी निवडायची राहिलीय.

मधुकररावांना सलाम. तुला पापा. मनात जागा असू दे.

तुझी,
लीलावहिनी

ता. क. तुझ्या नवऱ्याला सांग, सहा वर्षांपूर्वी नाताळात माझ्या ताटातली करंजी कुणी उचलली ते मला तेव्हाच कळलं होतं. आता आपणहून कबूल केलं तर माफी मिळेल.


श्रीरामपूर
१३ जानेवारी २०२५

ती. लीलावहिनींस,
शालिनीचा सप्रेम सलाम. विनंती विशेष.

मायना पूर्ण लिहिला आहे, पाचपैकी पाच द्यावेत.

तुमचं ता. क. तेवढं यांना वाचून दाखवलं. यांनी करंजी कबूल केली. एक नव्हे, दोन. कबूल करताना इतके हसले की उबळ आली, आणि पंधरा मिनिटं मी पाठीवर हात फिरवत बसले. दम परत आल्यावर म्हणाले की वहिनीचं पत्र ऐकणं म्हणजे टपावर बसून प्रवास करणं, मजा येते पण हाडं खिळखिळी होतात. वहिनी, त्यांचं वजन आता बेचाळीस किलो आहे. रात्री बसूनच झोपतात, समोर स्टुलावर उशी ठेवून तिच्यावर डोकं टेकतात.

त्यांचं स्वतःचं म्हणणं साफ आहे. नगरला न्यायचं नाही, नळी नको, मशीन नको. आपली खाट, आपली खिडकी, आणि जमलं तर उषःकालची प्रार्थना आपल्या घरात. इंजिन गेलेली गाडी डेपोत लावायची असते, दोरीला बांधून गावोगाव ओढत न्यायची नसते, असं ते डॉक्टरांच्या तोंडावर बोलले. डॉक्टर हसले. मी हसले नाही.

मंदार पुण्याहून फोनवर रडला. त्याचं म्हणणं, उपाय हाताशी असताना नको म्हणायचं म्हणजे पप्पांना आपणच, आणि पुढचं त्याला बोलता आलं नाही. मला ऐकता आलं.

आमचे पाळकसाहेब घरी येऊन गेले. ते म्हणाले की जीव देणं-घेणं प्रभूच्या हातात, आपण त्यात हात घालायचा नाही, हे खरं. पण मशीन नको म्हणणं म्हणजे जीव घेणं नव्हे, आणि येणारं मरण लांबवलंच पाहिजे अशी आज्ञा शास्त्रात कुठे नाही. मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी महिला संघात सुमनताईंनी नेमकं उलट सांगितलं. दुखणं सोसणं म्हणजे प्रभूच्या दुःखात वाटा घेणं, त्याने वधस्तंभावर गुंगीचा द्राक्षारससुद्धा घेतला नाही. आणि आज मशीन नाकारलं तर उद्या होणारा चमत्कार आपण दारातून परत पाठवला असं होईल. त्याही चांगल्याच बाई आहेत, स्वतःचा मुलगा गमावलेल्या आहेत. मी दोघांच्याही बोलण्याला मान हलवली. घरी आल्यावर माझी मान दुखत होती.

मग मी दादाचा विचार करते. दगडाचा फोटो यांच्या खाटेसमोरच लावला आहे. शांताराम यांचे अखेरचे शब्द, प्रार्थना थांबवू नका. गळ्याला भोक असलेल्या माणसाने हे लिहिलं. मी आले तेव्हा शेवटचे दोनच दिवस राहिले होते, आणि मला एकदाच आत सोडलं होतं. दादाचे डोळे उघडे होते. उजव्या हाताची बोटं चादरीवर सारखी फिरत होती. तबला वाजवायचा ना, मला वाटलं भजनाचा ठेका धरतोय. म्हणून मी त्याच्या कानाशी बाबांचं आवडतं भजन म्हटलं, त्याच्या बोटांच्या लयीत. तो माझ्याकडे बघतच राहिला. ती माझी सगळ्यात जवळची आठवण आहे.

म्हणून एकच विचारते. तुमच्या पत्रात खरी बातमी नेहमी ता. क. मध्ये असते, पण हे ता. क. मध्ये ढकलू नका. दादाने कधी, एकदा तरी, आता पुरे असं तुम्हाला कळवलं का? कळवलं असेल तर मला यांचं ऐकायला धीर येईल. आणि नसेल, तर दादाने सोसलं ते यांनाही सोसता येईल अशी प्रार्थना करीन, आणि नगरला नेईन. माझं सगळं त्यावर अडलं आहे.

मुलांना आशीर्वाद. माझ्यासाठी गुडघे टेकताना यांचंही नाव घ्या.

आपली,
शालिनी


पिपलानी, भोपाळ
२० जानेवारी २०२५

प्रिय शालू हीस,
स. स. वि. वि.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापला, कारण क्षेमकुशल लिहिताना मला कशी आहेस ते विचारलं नाहीस. मी बरी आहे. गुडघा सोडून.

मधुकररावांना दोन करंज्यांची माफी दिली. बघ, कबूल केलं की किती सोपं असतं.

काल रविवारी उपासना झाल्यावर केतकीला घेऊन कबरस्तानात गेले. दगड पुसला. तो दगड मी जवाहर चौकातून करून आणला होता, कारागीर विचारत होता की अम्माजी, थांबवू नका का मतलब क्या. मी सांगितलं, रुकना मत. त्याने मान डोलावली, आणि म्हणाला की बड़ी ऊँची बात कह गए. केतकी काल तिथे उभी राहून मला सांगत होती, की तरुण संघात ती पुन्हा साक्ष देणार आहे, आजोबांच्या पाटीचा अनुभव सांगून. तिसऱ्यांदा. मी म्हटलं, दुसरा विषय घे, पोरं कंटाळतील. ती म्हणाली की कुणी कंटाळत नाही, मागच्या वेळी दोघी रडल्या.

तुला एक सांगते, हसू नको. मी आमच्या पाळकसाहेबांना मागे विचारलं होतं, की मेलेल्या लाजराला प्रभूने कबरेतून बाहेर बोलावलं, चार दिवसांनी, बहिणी खूश, गाव खूश. पण लाजराला कुणी विचारलं का, बाबा रे, तुला परत यायचंय का? आणि पुढे तो दुसऱ्यांदा मेलाच असणार ना. तेव्हा त्याच्या बहिणींनी काय केलं? पाळकसाहेब म्हणाले, लीलाबाई, तुम्हाला शाळेत चौथीतच का थांबवलं ते मला आज कळलं. मग मात्र गंभीर झाले. म्हणाले, दुसऱ्या वेळी बहुतेक त्याचा हात धरून बसल्या असतील.

बरंच काही म्हणाले, सगळं माझ्या लक्षात नाही राहिलं. हेच राहिलं.

आता तुझं. तुझ्या दादाने पुरे म्हटलं का विचारतेस. शालू, ज्या माणसाला बोलता येत नव्हतं तो म्हणणार कसा? पुरे हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही. हे असं आहे. तू आपल्या मनाला पटेल ते कर, शिकलेली आहेस, माझ्यासारखी नेवाशाच्या शाळेतून चौथीतच निघालेली नाहीस. माझ्यावर काय अडवून ठेवतेस? माझ्यावर विसंबून साधा इडलीचा घाणा लावू नये.

प्रतीकच्या एका दोस्ताबरोबर स्वेटर पाठवतेय. मधुकररावांच्या मापाचा विणला होता, आता सैल होईल. आतून बनियन घाल दोन.

राग आला तरी पत्र लिहीत जा. तेवढी ओढ राहू दे.

तुझी,
लीलावहिनी

ता. क. पाटी अजून आहे. संडे स्कूलची पोरं मागतात. मी देत नाही.


श्रीरामपूर
२८ जानेवारी २०२५

ती. लीलावहिनींस,
शालिनीचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुम्ही कशा आहात? गुडघ्याला एरंडेल लावा. आता पूर्ण मार्क द्या.

स्वेटर मिळाला. यांनी अंगात घातला आणि दोन्ही बाजूंनी धरून दाखवला, की यात वहिनीसुद्धा मावेल. मग आरशात बघून बाह्या दोनदा दुमडल्या.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुम्ही मनाला पटेल ते कर म्हणता, पण वाट तुमच्याच ओळीत मिळाली. दादाने पुरे म्हटलं नाही. मग मी धीर करून शुक्रवारी यांच्याशी बोलले. दादाची सगळी गोष्ट सांगितली, बावीस दिवस, भोक, पाटी, आणि त्याने काय लिहिलं. फोटो तर समोर होताच. म्हटलं, दादाला काय कमी त्रास होता? तरी त्याने आपल्यालाच धीर दिला. तुम्ही लढायच्या आधीच नको म्हणता, ते मंदारला आयुष्यभर बोचेल.

ऐकताना ते खिडकीकडे बघत होते. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, मी ते एकदाच बघितलं होतं, त्यांची आई गेली तेव्हा. म्हणाले की शांतारामने सोसलं तर मीही सोसतो, माझ्यामुळे घराण्यात कुणी कमी विश्वासाचा ठरायला नको. मग नेहमीसारखं हसत म्हणाले, वहिनीला लिही, तिच्या नवऱ्याने बावीस काढले, मी तेवीस काढतो, जिंकलो तर करंज्या तिने पाठवायच्या.

त्या दिवसापासून त्यांनी खाटेवरची उशी खिडकीच्या बाजूने काढून दाराच्या बाजूला ठेवली आहे. मी का म्हणून विचारलं नाही.

शनिवारपासून श्वास फारच कमी पडतो, घरी ऑक्सिजन लावला आहे. मंदार आला. नगरला अतिदक्षता विभागात जागा मिळाली आहे, नळी लागेल असं डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं. रविवारी पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजन देणार, आणि सोमवारी, ३ तारखेला, सकाळी आठला अँब्युलन्स. मला आता शांत वाटायला हवं. तुम्ही म्हणाल की मग का नाही वाटत. तुम्हीच सांगा.

तुमची पाटी आमच्या कामी आली, वहिनी. त्याबद्दल प्रभूचे आणि तुमचे आभार. आमच्यावरची छाया काढू नका.

आपली,
शालिनी


पिपलानी, भोपाळ
३१ जानेवारी २०२५, शुक्रवार

प्रिय शालू हीस,
स. स. वि. वि. लिहितेय, पण हा सलाम घ्यायचा की नाही ते शेवटपर्यंत वाचून ठरव.

तुझं पत्र दुपारी आलं. मी लगेच फोन केला, आठवतंय ना? तू हॅलो म्हणालीस आणि मी विचारलं तिकडे थंडी कशी आहे. तू म्हणालीस की बरी आहे. मी फोन ठेवला. थंडीसाठी नव्हता केला. मागून मधुकररावांचा आवाज आला, वहिनी का, करंज्या तयार ठेवा म्हणावं. ते ऐकलं आणि माझं तोंड बंद झालं.

पोस्टाने हे सोमवारच्या आत पोहोचणार नाही. केतकी क्लासवरून आली की तिच्या फोनवर पानांचे फोटो काढून तुला पाठवायला सांगणार आहे. फोटो काढताना ती वाचणार. वाचू दे.

शालू, मधुकररावांना नगरला नेऊ नकोस. ते रडले ते माझ्या खोट्यावर रडले.

तुझ्या दादाने प्रार्थना थांबवू नका असं कधीच लिहिलं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी मी पाटी धरली, सिस्टरने त्याचा बांधलेला हात सोडला, आणि त्याने लिहिलं, लीला, घरी ने. त्याचं अक्षर तुला माहीत आहे, वळणदार. पडल्या पडल्याही वळणदार होतं. मी वाचलं, आणि पदराने पुसलं.

बाहेर आले तर बाकावर आमच्या महिला संघाच्या सात जणी. उपासाचा नववा दिवस होता त्यांचा. प्रतीकने विचारलं की पप्पांनी काय लिहिलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं, प्रार्थना थांबवू नका म्हणतात. सातही जणी रडायला लागल्या. एकीने माझे हात धरून पापे घेतले. मग ते परत कसं गिळू? दुसऱ्या दिवशी ते हिंदी मंडळीत सांगितलं गेलं, तिसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी त्यावर संदेश दिला.

त्याच्या आधीचंही सांगते. तो मशीनवर गेला त्याच्या पहिल्या रविवारी मी उपासनेत उभं राहून साक्ष दिली होती, की प्रभूने मला सांगितलंय, नाताळाला माझा माणूस आपल्या पायांनी चर्चच्या पायऱ्या चढेल. प्रभूने काही सांगितलं नव्हतं गं. मला तसं हवं होतं. मला हवं ते मी त्याच्या नावावर बोलले. आणि एकदा बोलल्यावर घरी ने वाचायला माझ्याकडे डोळेच नव्हते.

डॉक्टर चांगले होते. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी प्रतीकला आणि मला बसवून सांगितलं, की ही फुफ्फुसं आता उघडणार नाहीत. घरी न्यायचं असेल तर ऑक्सिजन देऊ, दम लागू नये म्हणून औषध देऊ, त्रास होऊ देणार नाही. प्रतीकने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं की आम्ही विश्वासी माणसं आहोत, आम्ही असं सोडत नाही. पाळकसाहेबांना मी तेव्हा विचारलंच नाही. ते काय म्हणतील ते मला माहीत होतं, म्हणून नाही विचारलं.

तुझ्या सुमनताई गुंगीच्या द्राक्षारसाचं सांगतात. मीही तेच सांगायची सगळ्यांना. पण त्याच्या आदल्या रात्री बागेत प्रभूने बापाला विचारलं होतंच की, हे टळेल का म्हणून. विचारणं म्हणजे कमी विश्वास असता तर त्याने का विचारलं असतं? आणि त्या रात्री शिष्य झोपले, म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. ते बिचारे नुसते झोपले. मी जागी होते. माझ्या माणसाने मला विचारलं, मी वाचलं, आणि पुसलं.

मी असं नाही म्हणत की कुणीच मशीन लावू नये. ज्याने लाव म्हटलं त्याला लावावं. पण ज्याचा श्वास त्याचं ऐकावं. तुझा माणूस अजून बोलतोय शालू. तुला पाटी लागत नाही. त्यांनी खाट सांगितली, खिडकी सांगितली, डेपो सांगितला. तू ऐकलं होतंस. मग माझ्या पाटीने ते पुसलं.

तर उद्याच त्यांना हे वाचून दाखव. सगळं. माझी लाज ठेवू नको. डॉक्टरांकडून दम लागण्यावरचं औषध लिहून घे, ते घेणं पाप नाही. मंदारला म्हणावं, मामीला फोन कर आणि वाटेल ते बोल, मी फोन ठेवणार नाही. त्याला हेही म्हणावं, की मशीन लावलं तरी बोचतं. मला दोन वर्षं बोचतंय. आणि मधुकररावांना म्हणावं, शर्यत रद्द. त्या बावीस दिवसांतले बारा तुमच्या मेहुण्याने काढले नव्हते, मी त्याच्याकडून काढून घेतले होते. करंज्या मी तशाही पाठवते. त्यांना गिळवत नसतील तर वास घेऊ दे.

तू तेरा तारखेच्या पत्रात सरळ विचारलं होतंस. तेव्हा सांगितलं असतं तर ते त्या शुक्रवारी रडले नसते, आणि उशी दाराकडे गेली नसती. मी तुला मायन्याचे मार्क देत बसले.

दगड बदलून घेईन. काय लिहायचं ते तू सांग, तू त्याची बहीण. मला विचारू नका.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. उरला असेल तेवढा मधुकररावांच्या खाटेपाशी खर्च कर. माझं नंतर बघू.

तुझी,
लीला

ता. क. बोटांचं राहिलं. त्याच्या हातातली शक्ती गेली असं मीच सगळ्यांना सांगितलं. शक्ती गेली नव्हती. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ त्याने तेच लिहिलं आणि मी तेच पुसलं. सहाव्या दिवशी मला बघवेना. तू कानाशी भजन म्हणत होतीस तेव्हा तो ठेका धरत नव्हता शालू, चादरीवर लिहीत होता. पेन्सिल मी काढून घेतली होती.